थोरल्या जावेच्या वीस बाटल्या

माझी थोरली जाऊ अळ्या मोजायची. हौस म्हणून नव्हे, नोकरी म्हणून. लोकांच्या जावा शिक्षिका असतात, परिचारिका असतात, काही नुसत्याच भांडखोर असतात. माझ्या वाट्याला ही आली. लग्न ठरताना मला कुणीतरी सांगितलं होतं, "थोरली दूधसंघात आहे हं, चाऱ्याच्या विभागात." मला वाटलं, टेबल-खुर्ची असेल, डोक्यावर पंखा असेल. सासरी आल्यावर चौथ्याच दिवशी मी फ्रीज उघडला, तर दह्याच्या भांड्याशेजारी एका डबीत लठ्ठ हिरव्या अळ्या गारठून बसल्या होत्या. मी अशी किंचाळले की सासूबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं. थोरली शांतपणे आली, डबी उघडून बघितली आणि म्हणाली, "सहा आहेत. मला वाटलं, एखादी सांडली."

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. ती माझ्या अगदी उलट. बोलायची कमी आणि जे बोलायची ते इतकं खरं की ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी. नवे कपडे घालून मी एकदा विचारलं, "ताई, कशी दिसते?" तिनं मला गोल फिरायला लावलं आणि म्हणाली, "मागून बरी." 'साधारण', 'जवळजवळ', 'असेल दहाबारा' हे शब्द तिला माहीतच नव्हते. घरी किती माणसं जेवायला येणार असं विचारलं की ती आकडा सांगायची, आणि तेवढीच यायची. यायची म्हणजे काय, ती आदल्या दिवशी प्रत्येकाला विचारून यायची. एका मामांनी "बघतो, जमलं तर" असं म्हटलं, तर त्यांना तिनं मोजलं नाही आणि ते आले तेव्हा खरंच त्यांच्यासाठी ताट नव्हतं.

कामही तसंच. दूधसंघाचं गावाबाहेर लसूणघासाचं मोठं शेत होतं. तीन-तीन पानांचा हा हिरवागार चारा एकदा पेरला की वर्षानुवर्षं कापत राहायचा. गाईंना तो आवडायचा, आणि अळ्यांना गाईंपेक्षा जास्त. थोरली रोज सकाळी सातला तिथं हजर. हातात लांब दांड्याची कापडी जाळी. पाऊल टाकायचं आणि घासाच्या शेंड्यांवरून जाळी झपकन फिरवायची, हा एक फटका. असे दहा फटके झाले की जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी करायची, मोजायचं आणि दहानं भागायचं. एका वाफ्यात पाच ठिकाणी. मग दुसरा वाफा. कोणती अळी आहे हेही बघायचं. अंगावर दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ असलेली हिरवी मखमली वेगळी, पट्ट्यापट्ट्यांची लष्करी अळी वेगळी, पाठीची कमान करत चालणारी उंटअळी वेगळी. हे सगळं तिला जुन्या साहेबांनी शिकवलं होतं. त्यांचा एकच नियम होता. एका फटक्याला दहा निरोगी हिरव्या अळ्या मिळाल्या तर हातपाय हलवा, म्हणजे लवकर कापणी करा, तेही जमत नसेल तर फवारा. दहापेक्षा कमी असतील तर गप्प बसा.

यातला 'निरोगी' हा शब्द महत्त्वाचा. एक इवलीशी काळी गांधीलमाशी असते, डासाएवढी. ती कोवळ्या अळीच्या पोटात अंडं घालते. आतल्या आत तिचं पिल्लू वाढतं आणि अळीला खातं. वरून बघावं तर अळी चालतेय, पानं कुरतडतेय, पण तिचे दिवस भरलेले असतात. अशा अळ्या मोजायच्या नाहीत. त्या ओळखायच्या कशा? थोडी मळकट दिसते, थोडी मंद चालते. आणि शंका आली तर दोन चिमटींत धरून ओढायची. आत पांढुरकं पिल्लू दिसलं की ती वजा. माझी जाऊ हे दिवसाला पन्नास-पन्नास वेळा करायची आणि मग घरी येऊन कणीक मळायला घ्यायची. हात धुऊन, अर्थात. मी उभी राहून धुवायला लावायचे.

एकोणीस वर्षं असं चाललं. मग जुने साहेब गेले आणि नवे आले. नवे साहेब वाईट नव्हते हो. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज, आणि हातात फोन. त्या फोनमध्ये सगळं होतं. फोनमध्ये आकडा टाकला की काय करायचं ते फोन सांगायचा. त्या हंगामात तीन नंबरच्या वाफ्यात अळ्या वाढल्या. थोरलीनं लिहिलं, 'फटक्याला तेरा, पैकी निरोगी चार.' साहेबांच्या फोनमध्ये आकड्यासाठी एकच चौकट होती. त्यांनी तेरा टाकले. फोन म्हणाला, फवारा.

"चार टाका," थोरली म्हणाली.

"बाई, तेरा दिसताहेत ना डोळ्यांना?"

"दिसताहेत. पण त्यातल्या नऊ मेल्यात जमा आहेत. पाच-सहा दिवस थांबा. फवारलंत तर दोन आठवडे तो चारा गाईंना घालता यायचा नाही, आणि माशीही मरेल. मग पुढच्या खेपेला खरंच फवारावं लागेल."

साहेबांनी फोनकडे बघितलं. फोननं माशीचं नावही ऐकलेलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "सिद्ध करा. नाहीतर शुक्रवारी फवारणी. आणि बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा आकडा चुकला तर मोजणीसाठी माणूस ठेवायचा कशाला, हा प्रश्न मला वर विचारावा लागेल."

म्हणजे काय, ते आम्हाला घरी सगळ्यांना कळलं. नोकरी टांगणीला लागली. सोमवारी थोरलीनं त्या वाफ्यातल्या वीस अळ्या आणल्या, जशा सापडल्या तशा, निवड न करता. मुरंब्याच्या वीस बाटल्या, प्रत्येकीत एक अळी, एक डहाळी, तोंडाला फडकं आणि रबर. वर चिठ्ठीचे नंबर. संघाकडे प्रयोगशाळा होती, पण तिच्यात मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या, त्यामुळे प्रयोग आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. शुक्रवारी सकाळी साहेब बघायला येणार होते.

आणि नेमकं बुधवारी तिच्या भावाचं ऑपरेशन ठरलं. तिला जावंच लागलं. जाताना मला म्हणाली, "धाकटे, रोज सकाळी ताजा पाला घाल. जुना काढ. बाकी कशाला हात लावू नकोस."

"मी कशाला हात लावतेय त्या घाणीला!" मी म्हटलं.

आता माझं ऐका. मी स्वच्छतेची माणूस. शेतातून आलेला पाला, मातीचा, धुळीचा, तो स्वयंपाकघरात तसाच कसा घालायचा? मी तो भांड्याच्या साबणानं धुतला. छान फेस काढून. खळखळून विसळला, पण किती विसळणार? बुधवारी घातला. गुरुवारी सकाळी फडकी उघडली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एकामागून एक बाटली बघत गेले. अळ्या मेलेल्या. सुरकुतलेल्या, काळपट, चोळामोळा झालेल्या, आणि शेजारी तांदळाच्या कणीएवढं पिवळट काहीतरी चिकटलेलं. ते मला साबणाचंच वाटलं. चौदा! चौदा अळ्या मी साबणानं मारल्या होत्या. उरलेल्या सहा त्याच साबणात मजेत पानं खात होत्या, पण त्या कशा वाचल्या हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. भीतीनं माणसाची अक्कल गहाण पडते, माझी तर मुळात बेताचीच.

एकोणीस वर्षांची नोकरी मी भांड्याच्या साबणानं धुऊन टाकली, एवढंच मला दिसत होतं. मग मी जे केलं ते मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं. आमच्या परसात सासूबाईंचा कोबी होता आणि थोरली त्यावर औषध मारू देत नसल्यामुळे तिथं हिरव्या अळ्यांची चंगळ होती. हिरवी ती हिरवी! आयुष्यात कधी अळीला बोट न लावलेली मी, हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून, डोळे अर्धे मिटून, चौदा अळ्या वेचून आणल्या. अंगावर काटा, तोंडानं देवाचं नाव. मेलेल्या काढून सालपटांच्या बादलीत टाकल्या आणि त्यांच्या जागी या नव्या सोडल्या. सगळ्या ताज्या, टुणटुणीत. मला इतका अभिमान वाटला की मी स्वतःसाठी कपभर चहा केला.

शुक्रवारी साहेबांनी थोरलीला बसथांब्यावरूनच गाडीत घेतलं आणि दोघं थेट आले. साहेब फळीपाशी गेले. एक-एक बाटली उजेडात धरून बघितली. "एक... दोन... सात..." त्यांचा चेहरा खुलत गेला. "बाई, वीसच्या वीस जिवंत! आणि काय भूक आहे हो! तुमच्या माशीनं उपास धरला वाटतं?"

थोरलीनं एक बाटली घेतली, दुसरी घेतली. मग ती म्हणाली, "या माझ्या नाहीत."

"तुमच्याच घरात, तुमच्याच बाटलीत, तुमच्याच अक्षरातला नंबर. आणि अळीवर काय नाव लिहिलेलं असतं का?"

"असतं की," ती म्हणाली. तिनं एक अळी ताटलीत ओतली. अळीनं पाठ उंच उचलली, कमान केली आणि पुढे सरकली. "ही उंटअळी. कोबीवरची. आपल्या अळीला पोटाखाली पायांच्या चार जोड्या असतात, हिला दोनच आहेत. मधे पाय नाहीत म्हणून ही पाठ उचलते." तिनं भराभर सगळ्या बाटल्या बघितल्या. "चौदा कोबीवरच्या. सहा माझ्या."

साहेबांनी ताटलीतल्या अळीकडे वाकून बघितलं. मग फार सौम्यपणे म्हणाले, "म्हणजे बाई, सोमवारी तुम्हाला शेतातली अळीसुद्धा नीट ओळखता आली नाही?"

थोरलीचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता. ती स्वतःची वही उघडून सोमवारचं पान बघायला लागली. स्वतःवर शंका घ्यायला लागली, ती! मला ते बघवेना. सासूबाई दारात, मोठे भाऊजी दारात, माझे यजमान त्यांच्या मागे. या सगळ्यांसमोर मी सांगून टाकलं. साबण, फेस, कोबी, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं. "माझ्या हातून मेल्या हो त्या. हिचा काही दोष नाही. मला काय हवं ते बोला."

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चांगल्या भांड्याचा साबण!"

थोरलीनं विचारलं, "मेलेल्या कुठे टाकल्यास?"

बादली परसातच होती. कांद्याची सालं, चहाचा चोथा, त्यात मी कोपरापर्यंत हात घातले, या वेळी पिशव्यांशिवाय. एक-एक सुरकुतलेलं टरफल काढून तिच्या तळहातावर ठेवलं. ती मोजत होती. "ही पिवळट कणी दिसतेय ना? हा माशीचा कोष. अळीला खाऊन पिल्लू बाहेर आलं आणि कोष विणून बसलं. धाकटे, तू काहीही मारलेलं नाहीस." तेरा सापडल्या. चौदावी काही केल्या मिळेना.

"चौदा म्हण ना," मी हळूच म्हटलं.

"तेरा," ती साहेबांना म्हणाली.

साहेबांनी रुमाल नाकाला लावला होता. "कांद्याच्या सालीतला पुरावा मी फाइलला कसा लावू?" पण माणूस अगदीच दगड नव्हता. त्यांनी पाच दिवस दिले. रोज मोजणी, रोज दोन सह्या. बुधवारी निरोगी-आजारी काही न बघता, फटक्याला एकूण अळ्या दहाच्या खाली दिसल्या पाहिजेत, नाहीतर फवारणी आणि बाईंना निरोप. "दुसरी सही यांची," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "घोळ यांनीच घातलाय."

अशी मी सरकारी साक्षीदार झाले. शनिवारी सकाळी सातला मी शेतात उभी, घोट्यापर्यंत दवानं भिजलेली, शिव्या घालत. ती जाळी मारायची, मी ट्रे धरायचे. आकडा आला सोळा. तेराचे सोळा!

"ताई, बारा लिही. कोण बघतंय इथं? गाई?"

"सोळा आहेत."

"अगं, नोकरी जाईल तुझी!"

"मग सोळा लिहून जाईल," ती म्हणाली आणि पुढच्या जागी गेली.

मी एवढी चिडले की ट्रे आपटला. मग तिनं आठ अळ्या हातात घेऊन माझ्यासमोर ओढल्या. सहांच्या पोटात पांढुरकं पिल्लू. या वेळी मी डोळे मिटले नाहीत, सहाही मी माझ्या डोळ्यांनी मोजली. सोळापुढे मी सही केली. रविवारी पंधरा. सोमवारी दहा, आणि घासाच्या देठांना जागोजागी पिवळट कण्या चिकटलेल्या. त्या दिवशी मीच ओरडले, "ताई, इथे बघ, तीन!" ती म्हणाली, "चार. पानाखाली एक आहे." मंगळवारी पाच. बुधवारी दोन.

बुधवारी दुपारी साहेब आले, सोबत मुख्य कार्यालयातले मोठे साहेब. मोठ्या साहेबांनी हौसेनं जाळी स्वतः हातात घेतली, टेनिस खेळल्यासारखी फिरवली. ट्रेमध्ये एक नाकतोडा आणि एक अळी. "एवढ्यासाठी मला बोलावलंत?" ते हसत म्हणाले. फवारणी रद्द झाली. गुरुवारी वाफा कापला आणि तो चारा त्याच दिवशी गाईंनी खाल्ला. मी घरी येऊन सगळ्यांना दोनदा गोष्ट सांगितली, सासूबाईंना तीनदा. थोरली कणीक मळत होती. ती जिंकली होती, आणि तिला ते कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून तेही मीच सांगितलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'वरिष्ठांनी केलेल्या प्रत्यक्ष पाहणीत सदर क्षेत्रात कीड आढळून आलेली नाही. सबब मोजणीदार हे पद या महिन्याअखेर बंद करण्यात येत आहे.'

मी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. अळ्या राहिल्या असत्या तर आकडा चुकला म्हणून नोकरी गेली असती, आणि अळ्या गेल्या तर आता गरज नाही म्हणून गेली! मी तशीच चपला घातल्या. थोरलीनं वही घेतली. बसमध्ये मी साहेबांना काय काय ऐकवायचं त्याची मनात उजळणी करत होते. तो सगळा मजकूर इथे देण्यासारखा नाही.

साहेब बिचारे आधीच ओशाळले होते. "बसा बाई. माझ्या हातात काही नव्हतं हो. वरून आलं. मी तर तुमच्याबद्दल चांगलंच लिहिलं होतं..."

"या कागदात चूक आहे," थोरली म्हणाली.

"हो, मला कल्पना आहे, अन्याय आहे, पण..."

"अन्यायाचं नाही. हे वाक्य. 'कीड आढळून आलेली नाही.' आली होती. फटक्याला सोळा. ही तारीख, या दोन सह्या. माशीनं कमी केली. तसं लिहा."

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती बघून मला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला. "एवढंच ना? लगेच करतो!" त्यांनी टंकलेखकाला हाक मारली. दहा मिनिटांत नवा कागद. 'सदर क्षेत्रात कीड मोठ्या प्रमाणात आढळून आली होती, ती मित्रकीटकांमुळे आटोक्यात आली. सबब मोजणीदार हे पद या महिन्याअखेर बंद करण्यात येत आहे.' थोरलीनं तो दोनदा वाचला. "'मोठ्या प्रमाणात' नको," ती म्हणाली. "सोळा लिहा." त्यांनी सोळा लिहिलं. तिनं पोच म्हणून सही केली.

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच सुटले. "ताई, अगं, नोकरी गेली तुझी! ती मागायची सोडून वाक्य दुरुस्त करून घेतलंस? काय मिळालं?"

ती चालत राहिली. मग म्हणाली, "पहिल्या कागदाप्रमाणे मी एकोणीस वर्षं तिथं नसलेलं काहीतरी मोजत होते, असं झालं असतं."

आम्ही बसथांबा ओलांडून पुढे गेलो होतो, आणि तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. थांबे, पायऱ्या, खांब सगळं मोजणारी बाई, आणि थांबा चुकली. मी तिला दंडाला धरून थांबवलं तेव्हा दिसलं की ती रडतेय, आवाज न करता.

"धाकटे," तिनं विचारलं, "एक तारखेला सकाळी सातला मी कुठे जाऊ?"

तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं. मी एवढी तोंडाळ, घरात शेवटचा शब्द माझा. मी तिच्या हातातली वही घेतली, आणि आम्ही दोघी परत थांब्याकडे चालायला लागलो.